खारीची शिकार : रायफल की छर्ऱ्यांची बंदूक?

अमेरिकेतील केंटकी, मिसूरी यांसारख्या राज्यांच्या ग्रामीण भागात खारीचे मांस आजही खाल्ले जाते. तेथील करडी खार आपल्या अंगणातील पट्टेरी खारीहून बरीच मोठी, पण शेकरूहून लहान असते. तिचे वजन साधारण अर्धा किलो भरते. (शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याची शिकार हा गुन्हा आहे.) केंटकीत मुख्य हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि एका शिकाऱ्यास दिवसाला सहाच खारी मारण्याची मुभा आहे.

एवढ्याशा प्राण्यासाठी बंदूक कोणती घ्यावी, हा तेथील जुना वाद. १८८७ मध्ये आलेले पॉइंट २२ 'लाँग रायफल' काडतूस अनेकांच्या पसंतीचे आहे. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. आवाज कमी, धक्का नगण्य, किंमत माफक. नेम डोक्यावर बसला तर मांस वाया जात नाही. तो चुकला तर मात्र जखमी खार ढोलीत शिरून तडफडत मरते. शिवाय ही गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. शेंड्यावरच्या खारीवर झाडलेली गोळी कोणाच्या अंगणात उतरेल, हे सांगता येत नाही. म्हणूनच मागे जाड खोड किंवा टेकडीचा उतार असल्याखेरीज रायफलीचा चाप ओढू नये, हा नियम नवशिक्यास पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

हंगामाच्या प्रारंभी झाडी दाट असते. खार क्षणभरच दिसते आणि पळतीवर नेम धरावा लागतो. अशा वेळी वीस बोअरची छर्ऱ्यांची बंदूकच सोयीची. तीस-पस्तीस मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही. मात्र छर्ऱ्यांचा जोर लवकर ओसरत असल्याने दूरच्या माणसाला धोका कमी. उणीव एकच, पण मोठी : छर्रे मांसात रुततात. दाताखाली येतात ते वेगळेच. शिशाचे असल्यास ते पोटातही जाते. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली आहे.

डॅनियल बून खारीखालच्या सालीवर गोळी झाडून केवळ धक्क्याने तिला मारत असे, असे पक्षिचित्रकार ऑड्युबन यांनी लिहून ठेवले आहे. किस्सा रंगवलेला असेलही. मांस न बिघडवण्याची धडपड मात्र खरी.

कोवळी खार तळतात. जून खारीचे मांस चिवट असल्याने ते 'बर्गू' नावाच्या दाट रश्श्यात तासन्‌तास शिजवले जाते.