हाडे मऊ करणारे यंत्र : प्रेशर कुकर आणि गरिबांच्या सुपाचा इतिहास

१/ हाडासकट कोंबडीचे तुकडे, कांदा, गाजर, मिरे, मीठ आणि पाणी कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. वाफ जिरल्यावर झाकण काढून त्याच रश्श्यात नूडल्स उकळाव्यात. चिकन नूडल सूप तयार! या झटपट सुपामागे हाडांविषयीचा दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेला एक वाद दडलेला आहे.

२/ कुकरचा जनक दनी पापँ. जन्म १६४७, फ्रान्समधील ब्ल्वा. पॅरिसमध्ये तो हायगेन्सचा सहायक होता. १६७५ मध्ये लंडनला येऊन त्याने रॉबर्ट बॉइलसोबत काम केले. १६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपले 'डायजेस्टर' मांडले : घट्ट झाकणाचे, जाड धातूचे भांडे.

३/ तत्त्व सोपे होते. कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही. आजच्या कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. भांड्याची उष्णता जोखण्यासाठी पापँ झाकणावर पाण्याचा थेंब टाकी आणि तो आटायला लागणारा वेळ लंबकाने मोजी.

४/ वाढत्या दाबाने भांडे फुटण्याचा धोका होता. त्यावर पापँने तरफेला वजन टांगलेली झडप बसवली : दाब मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई आणि वाफ निसटे. आपल्या कुकरची शिटी याच कल्पनेची वंशज आहे.

५/ १६८१ मधील त्याच्या ग्रंथाचे शीर्षकच 'हाडे मऊ करणारे यंत्र' असे सांगते. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सदस्यांना या यंत्रात शिजवलेले जेवण मिळाले. जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत चीजसारखी मऊ झालेली हाडे, अगदी थोडा कोळसा आणि भरपूर रस यांची नवलाईने नोंद केली आहे.

६/ टाकाऊ हाडांतून स्वस्त अन्न! ही आशा पापँनंतरही टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्रज्ञ दार्से याच्या पुरस्कारामुळे पॅरिसच्या रुग्णालयांत वाफेने हाडांतील जिलेटिन काढून गरीब रुग्णांना त्याचे सूप दिले जाऊ लागले. कमी खर्चात पोट भरते, मग तक्रार कशाला, असा हिशेब होता.

७/ परंतु पोट भरणे म्हणजे पोषण होणे नव्हे. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने वर्षानुवर्षे प्रयोग केले. १८४१ मध्ये माजाँदीने अहवाल मांडला : निव्वळ जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे जगत नाहीत. गरिबांच्या ताटात वाढलेले 'विज्ञान' अपुरे ठरले.

८/ त्याचे एक मोठे कारण पुढे उमगले. १९०१ मध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले. शरीराला ते अन्नातूनच मिळवावे लागते आणि जिलेटिनमध्ये ते मुळीच नसते. कोंबडीच्या मांसात मात्र ते असते. म्हणून आपल्या सुपात हाडे दाटपणा देतात, पोषणाचा भार मांस उचलते आणि नूडल्स ऊर्जा पुरवतात.

९/ पापँचे काय झाले? तो प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आदेश रद्द केल्यावर त्याला मायदेशाची दारे बंद झाली. जर्मनीत प्राध्यापकी करीत असताना, १६९० मध्ये, त्याने वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. १७०७ मध्ये तो लंडनला परतला. अखेरची वर्षे हलाखीत गेली.

१०/ त्याचे भांडे घरोघरी पोहोचायला आणखी दोन शतके लागली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'प्रेस्टो' कुकर झळकला. १९५९ मध्ये मुंबईत 'हॉकिन्स'ची स्थापना झाली. 'स्वस्त अन्न' कोणासाठी आणि त्यात नेमके काय उरते, हा पॅरिसमधील प्रश्न मात्र प्रत्येक स्वस्त आहारयोजनेला आजही विचारावा लागतो.