यीस्टमधील आरएनए-संस्करणाचे संशोधन

आरएनए-संस्करण : जीनवरून केंद्रकात तयार होणाऱ्या पहिल्या आरएनए प्रतीचे संदेशवाहक आरएनएमध्ये रूपांतर होण्याची क्रिया. तीत प्रतीच्या आरंभीच्या टोकास टोपी बसते, मधले प्रथिनाची माहिती नसलेले खंड (इंट्रॉन) वगळले जाऊन उरलेले भाग सांधले जातात आणि अखेरचे टोक छाटून त्यास ॲडेनिलिक अम्लाच्या एककांची शेपटी (पॉलिॲडेनिलेट पुच्छ) जोडली जाते. या क्रियेचे अनेक घटक सॅकॅरोमायसीझ सेरेव्हिसी या यीस्टच्या (किण्वाच्या) सदोष वाणांवरून ज्ञात झाले.

असे पुच्छ तयार करणारे एंझाइम मेरी एडमंड्स व रिचर्ड एब्रम्स यांना १९६० मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीत आढळले. संदेशवाहक आरएनएला पुच्छ असल्याचे १९७१ मध्ये सस्तन प्राण्यांच्या कोशिकांत व १९७३ मध्ये यीस्टमध्ये दिसून आले. सस्तन प्राण्यांत ते सु. २०० ते २५०, तर यीस्टमध्ये सु. ७० ते ९० एककांचे असते. तथापि त्याचे प्रयोजन केवळ रासायनिक विश्लेषणाने उलगडले नाही.

यीस्टच्या कोशिकेत गुणसूत्रांचा एकच संच राखता येत असल्याने जीनमधील दोष तत्काळ प्रकट होतो. मात्र अत्यावश्यक जीन बिघडल्यास कोशिका मरते. यावर उपाय म्हणून लेलंड हार्टवेल यांनी १९६७ मध्ये २३° से. तापमानास वाढणारी, पण ३६° से. तापमानास वाढ थांबणारी उत्परिवर्तित वाणे मिळविली. त्यांपैकी काहींत रिबोसोम तयार होत नसत; म्हणून १९७० मध्ये हार्टवेल, मॅक्‌लॉफ्लिन व वॉर्नर यांनी संबंधित दहा जीन रिबोसोमनिर्मितीचे नियंत्रक मानले. इंट्रॉनांचा शोध १९७७ मध्ये लागल्यावर या निष्कर्षाचा फेरविचार झाला. अशा एका वाणात इंट्रॉनयुक्त अपूर्ण प्रती साचतात, असे मायकेल रॉसबॅश व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. यीस्टच्या थोड्याच जीनांत इंट्रॉन असतात, परंतु रिबोसोमच्या प्रथिनांच्या बहुसंख्य जीनांत ते आढळतात. त्यामुळे मूळ दोष संस्करणातील असूनही तो प्रथम रिबोसोमांत दिसला होता. पुढे यांपैकी अनेक जीनांना संस्करणदर्शक ‘पीआरपी’ हे नाव मिळाले.

अखेरच्या टोकाविषयी केनेथ झारेट व फ्रेड शर्मन यांचे १९८२ मधील संशोधन महत्त्वाचे आहे. सायटोक्रोम-सी या प्रथिनाच्या जीनपुढील ३८ क्षारक-जोड्या गळालेल्या वाणात प्रती प्रमाणाबाहेर लांब होत व त्यांचे प्रमाण सु. एक-दशांश उरे. हे टोक लांब प्रत छाटल्याने तयार होते, हे बटलर व प्लॅट यांनी १९८८ मध्ये परीक्षानलिकेत सिद्ध केले. पुच्छ जोडणाऱ्या एंझाइमाचा यीस्टमधील जीन १९९१ मध्ये विलग करण्यात आला.

पुच्छाचे प्रयोजनही उत्परिवर्तनांमुळे स्पष्ट झाले. कॅरोलिन डेकर व रॉय पार्कर यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे पुच्छ हळूहळू आखूड होते. त्यानंतर टोपी निघते व संदेश आरंभीच्या टोकाकडून नष्ट होतो. पुच्छाला चिकटणारे प्रथिन नसल्यास पुच्छ शिल्लक असतानाच टोपी निघते, असे १९९५ मध्ये आढळले. म्हणजेच पुच्छ या प्रथिनाद्वारे संदेशाचे रक्षण करते. याउलट, केंद्रकातील सदोष आरएनएला दुसऱ्या एका एंझाइमाने जोडलेले पुच्छ त्याच्या नाशास कारण होते, हे २००५ मध्ये उघडकीस आले. पुच्छाचा परिणाम अशा रीतीने स्थान व सहचारी प्रथिने यांवर अवलंबून असतो.

यीस्टमधील अनेक संस्करण-प्रथिनांसारखी प्रथिने मानवातही आहेत. परंतु छाटणीचे संकेत व इंट्रॉनांची संख्या यांत मोठा फरक असल्याने यीस्टमधील निष्कर्ष मानवी कोशिकांत स्वतंत्रपणे पडताळावे लागतात.