तीन फूट उडालेली तबकडी

ओहायोतल्या डेटनला अमेरिकन हवाई दलाचे भले मोठे संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, त्यामुळे आपल्या मंडळींची तिथे हमखास चक्कर होते! तिथे एक खरीखुरी उडती तबकडी ठेवली आहे. गोल, १८ फूट व्यासाची, मधोमध मोठा पंखा. नाव ॲव्रोकार. लहानपणी उडत्या तबकड्यांच्या गोष्टी वाचून रात्री गच्चीवर आकाश न्याहाळणाऱ्या माझ्यासारख्याला ती बघून काय वाटले असेल! पण तिची कथा सांगण्याआधी जरा मागे जायला हवे.

२४ जून १९४७. केनेथ अर्नॉल्ड नावाचा हौशी वैमानिक वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून उडत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. दोन डोंगरांमधले अंतर आणि घड्याळ यांवरून त्याने वेग काढला, तो ताशी १२०० मैलांच्या वर! आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सरळ उड्डाण तोवर कोणी केलेले नव्हते. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू जात होत्या, असे तो म्हणाला. पेपरवाल्यांनी चालीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'फ्लाइंग सॉसर' जन्माला आली. अर्नॉल्डने नक्की काय पाहिले, याचे पक्के उत्तर आजही नाही.

दोनच आठवड्यांनी न्यू मेक्सिकोत रॉझवेलच्या लष्करी तळाने 'तबकडी सापडली' असे जाहीर केले आणि लगेच 'छे, तो हवामानाचा फुगा' अशी सारवासारव झाली. फुगाच होता तो, पण हवामानाचा नव्हे. रशियाच्या अणुचाचणीचा आवाज वरच्या हवेत टिपण्यासाठी सोडलेल्या 'मोगल' प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते. हे हवाई दलाने सांगितले १९९४ साली!

पुढची गंमत यू-२ या हेरगिरीच्या विमानाची. ते ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात प्रथम उडाले. प्रवासी विमाने तेव्हा १० ते २० हजार फुटांवरून जात. यू-२ ची उंची ६० हजारांच्या वर. खाली सूर्य मावळलेला असायचा, पण तिथे वर ऊन असायचे आणि विमानाचे चंदेरी पंख पेटल्यासारखे चमकायचे. प्रवासी विमानांच्या वैमानिकांनी इमानदारीत तक्रारी नोंदवल्या. हवाई दलाचे 'ब्लू बुक' प्रकल्पाचे अधिकारी त्या तक्रारी सीआयएकडच्या उड्डाणांच्या नोंदींशी ताडून पाहत. उत्तर सापडे, पण सांगता येत नसे. मग बर्फाचे कण, हवेच्या थरांतला तापमानाचा फरक अशी कारणे दिली जात. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६०च्या दशकात आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारींमागे अशी गुप्त विमाने होती, असे सीआयएच्याच १९९७ साली आलेल्या लेखात म्हटले आहे. काही अभ्यासकांना हा हिशेब फुगवलेला वाटतो. पण थोड्याही तक्रारी तशा असतील, तर ज्यांना वेड्यात काढले त्यांनी खरेच काहीतरी पाहिले होते!

आणि ॲव्रोकार? कॅनडातल्या ॲव्रो कंपनीने अमेरिकन लष्करासाठी ती बनवली. बेत होता सरळ वर उठून सुसाट जाण्याचा. १९५९ ते १९६१ चाचण्या झाल्या. जमिनीपासून तीनेक फुटांच्या वर गेली की ती डुगडुगायची. वेग ताशी ३५ मैल, म्हणजे आपली लुना बरी! डिसेंबर १९६१ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

थोडक्यात, लोकांना जे 'तबकडी' म्हणून दिसले ते बहुधा तबकडी नव्हतेच, आणि जी खरी तबकडी होती ती कोणाला आकाशात दिसणे शक्यच नव्हते.

इंजिनियर म्हणून मला गुप्तता कळते. विमान लपवावे लागते. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खोटे ठरवणे ही वेगळी गोष्ट. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. रॉझवेलचा खुलासा झाला तेव्हा तो कितीतरी लोकांना पटलाच नाही. एकदा खोटे बोलणारा पुढे खरे सांगू लागला, तरी ऐकणार कोण?