सिंधू संस्कृतीतील मणिकारांचा सामता : साधनाची निवड आणि कारागिरांचे ज्ञान

प्रस्तावना :
भारतीय उपखंडातील प्राचीन तंत्रज्ञानाचा विचार करताना नगररचना, मुद्रा व धातुकाम यांकडे प्रथम लक्ष जाते. बारीक छिद्र पाडणारा सामता, म्हणजेच ड्रिल, मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. सामत्याची निवड हा कारागिरांच्या पदार्थविषयक ज्ञानाचा पुरावा कसा ठरतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांमध्ये कोरलेली छिद्रे आढळली. सुमारे ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीच्या या छिद्रांविषयीचे संशोधन २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गारगोटीचे टोक असलेला व धनुकलीने फिरवला जाणारा सामता त्यासाठी वापरला असावा आणि हे कौशल्य मणिकामातून आले असावे, असे संशोधकांचे मत आहे.

पुढे हडप्पा काळात लांब कार्नेलियन मण्यांमुळे नवी अडचण निर्माण झाली. कार्नेलियनची कठीणता मोह्ज मापनात सुमारे ७ असून गारगोटीही जवळपास तेवढीच कठीण असते. परिणामी टोक लवकर झिजते. यावर कारागिरांनी अधिक चिवट व सूक्ष्मकणी दगड शोधला. चन्हुदारोचे उत्खनक अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून अभ्यासकांनी त्यास 'अर्नेस्टाइट' म्हटले. या सामत्याचे टोक रुंद व मधला भाग किंचित बारीक असे. त्यामुळे तो छिद्रात अडकत नसे. जोनाथन मार्क केनोयर यांच्या प्रयोगांत या सामत्याचा वेग ताशी सुमारे २.५ मिलिमीटर आढळला. या हिशेबाने सहा सेंटिमीटरच्या मण्यास चोवीस तासांचे अखंड श्रम लागतात. छिद्र दोन्ही बाजूंनी पाडून मध्यभागी जुळवले जाई. एवढ्या श्रमांनंतर शेवटच्या टप्प्यात मणी तडकल्यास सर्व मेहनत वाया जाई. म्हणून दगडाची पारख, दाब व वेग यांचा मेळ अत्यावश्यक होता.

गुजरातमधील खंबायतच्या मणिकारांनी धनुकलीचे तत्त्व टिकवले, परंतु टोकास हिऱ्याचे कण बसवले. साधनाचे तत्त्व तेच राहिले आणि टोकाचा पदार्थ मात्र बदलला, हे येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
हडप्पा लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. अशा स्थितीत झिजलेले सामते व अर्धवट छिद्रांचे मणी हेच कारागिरांचे दस्तऐवज होत. ज्ञानाचा इतिहास केवळ लिखित साधनांवर आधारल्यास या श्रमिकांची बुद्धी इतिहासाबाहेर राहील.