शेवटानंतरचे अध्याय

सन २०२० च्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्रातील घराघरांतून एक चमत्कारिक वाद चालला होता. 'झी मराठी' वाहिनीवर २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका अखेरच्या भागांपाशी येऊन ठेपली होती. महाराज संगमेश्वरास पकडले गेले. पुढे काय व्हावयाचे हे शाळेतल्या पोरासही ठाऊक होते. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, प्रेक्षकांपैकी एक वर्ग म्हणू लागला की, यापुढचे आम्हांस दाखवू नका. महाराजांचे हाल पडद्यावर आणू नयेत, मालिका थांबवावी, अशी जाहीर मागणीही झाली. उलटपक्षी दुसरा वर्ग म्हणे की, ज्या मरणाने एका राज्याचा संसार सावरला ते मरणच झाकून ठेविले तर अडीच वर्षे आपण पाहिले तरी काय? अमोल कोल्हे हे संभाजीराजांची भूमिका करीत होते, आणि ज्या वढू बुद्रुकास महाराजांची समाधी आहे ते गाव ज्या शिरूर मतदारसंघात मोडते, त्याच मतदारसंघातून ते २०१९ साली लोकसभेवर निवडून गेले होते. त्यामुळे नटास उद्देशून बोललेले शब्द खासदाराच्या दारावर जाऊन आदळत. २९ फेब्रुवारी २०२० रोजी मालिका संपली. वाद काही दिवस रेंगाळला, आणि महिन्याच्या आत महामारीच्या टाळेबंदीने सर्वांनाच घरात कोंडल्यावर तो मागे पडला.

हा वाद दोन्ही पक्षांनी थोडा भलत्याच प्रश्नावर लढविला, असे आम्हांस वाटते. दाखवावे की झाकावे, हा प्रश्न खोटा नव्हे. पण प्रेक्षकास मरण पाहवत नव्हते एवढेच म्हटल्याने उलगडा होत नाही. याच प्रेक्षकाने याच मालिकेत कोंडाजी फर्जंदाचे मरण पाहिले होते. त्या आधी २००८ साली सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती'त तानाजीचे मरण पाहिले होते. डोळे पुसून तो दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा पडद्यासमोर येऊन बसे, कारण दुसऱ्या दिवशी कथा पुढे चालत असे. या खेपेस दुसरा दिवस नव्हता.

पाश्चात्त्य प्रेक्षकांचे गाऱ्हाणे यापेक्षा वेगळे असते. कॉनन डॉयल याने १८९३ साली शेरलॉक होम्स यास धबधब्यात लोटून दिले, तेव्हा वाचक लेखकावर संतापले, आणि दहा वर्षांनी त्यास आपला नायक जिवंत करून परत आणावा लागला. अलीकडे २०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका संपली, तेव्हा तिचे शेवटचे पर्व नव्याने करून द्यावे अशा विनंतीपत्रावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तेथे शेवट लेखकाच्या हातचा होता; म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. आमच्या प्रेक्षकास तो मार्ग नव्हता. ११ मार्च १६८९ ही तारीख कोणत्या वाहिनीकडे अर्ज केल्याने बदलणार?

मग आमच्याकडील श्रोता शेवटाचे काय करीत आला आहे? हे पाहावयास आमचा बुलढाणा जिल्हा पुरेसा आहे. येथील जुन्या घरांतून पोथी वाचताना एखाद्याच्या वधावर अगर निधनावर वाचन थांबवीत नाहीत. रात्र कितीही झालेली असो, पुढच्या चार ओव्या वाचून मगच पोथी बांधावयाची. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते, आणि काल्यात कृष्णाच्या निर्याणाची कथा कोणी सांगत नाही. शेवटच्या दिवशी तो पुन्हा लहान होऊन गोपाळांबरोबर दही खात असतो. सर्वांत बोलका दाखला शेगावचा. श्रीगजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, समाधी घेतली. दासगणूंनी १९३९ साली त्यांचे चरित्र ओवीबद्ध केले, तो 'श्रीगजाननविजय' ग्रंथ आज या जिल्ह्यात ज्या घरी नाही असे घर विरळा. त्याचे अध्याय एकवीस आहेत. समाधीचा प्रसंग एकोणिसाव्या अध्यायात येतो. पुढे दोन अध्याय शिल्लक राहतात, आणि त्यांत समाधीनंतर भक्तांस आलेले अनुभव सांगितले आहेत. एका बैठकीत पारायण करणाऱ्या बायाबापड्या एकोणिसाव्या अध्यायाशी गहिवरतात. पण कोणी तो अध्याय गाळा म्हणत नाही, कारण विसावा पुढे आहे हे त्यांस माहीत असते. दासगणू हे कीर्तनकार होते. श्रोत्यांना कोणत्या स्थितीत घरी पाठवावे, याचा त्यांचा अभ्यास आजच्या पटकथाकारांहून कमी नव्हता.

हीच भूक १९८८ साली सबंध देशाने पाहिली. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी चालले होते. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता त्यांच्या ओसरीवर आळीतील माणसे जमत. कित्येक ठिकाणी संचास हारही घालीत. ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकाशी मालिका संपविण्यात आली. यापरता मंगल शेवट तो कोणता? पण जालंधर येथील सफाई कामगारांनी काम बंद केले. वाल्मीकींस आपले गुरू मानणारा हा समाज. ज्या उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतात, परित्यक्त सीतेस आश्रय देतात, लवकुशांस वाढवितात, तेच कांड गाळले जावे हे त्यांस मानवेना. संप इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर केराचे ढीग साचले, आणि सरकारला उत्तररामायण दाखविण्याचे मान्य करावे लागले. गोड शेवट नाकारून पुढचे दुःख मागणारे प्रेक्षक म्हणून त्यांची नोंद इतिहासाने ठेविली पाहिजे. शिवाय ज्यांचे या कथेशी नाते प्रेक्षकपणापुरते नव्हते अशांनी ती मागणी केली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या उत्तरकांडाचा शेवट मात्र आमच्या विदर्भाच्याच एका कवीस पटला नव्हता. आठव्या शतकातील भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. आमगावजवळचे पद्मपूर ते हेच, असे मिराशींनी प्रतिपादन केले आहे. वाल्मीकींच्या कथेत सीता भूमीच्या उदरात जाते. भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात नाटकात नाटक मांडून स्वतः रामासच प्रेक्षक म्हणून बसविले आहे. रंगभूमीवर टाकून दिलेल्या सीतेचे हाल दाखविले जातात. राम भान विसरून उठतो, हे नाटक आहे अशी लक्ष्मणास त्याला आठवण करून द्यावी लागते, आणि अखेरीस तो मूर्च्छित पडतो. मग खरी सीता येऊन त्यास सावध करते, व कुटुंब एकत्र होते. काव्यात हे चालते. इतिहासात ते चालू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र कथेचा पडदा कोठे पाडावा, एवढे स्वातंत्र्य इतिहासही देतो.

सिंदखेडराजाची कथा पाहा. लखुजी जाधवरावांचा वाडा, जेथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, आणि लखुजींची भव्य समाधी, ही दोन्ही एकाच गावात आहेत. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीस निजामशहाच्या दरबारात लखुजी व त्यांच्या घरातील माणसे दगाफटक्याने मारली गेली. येथे पडदा पाडला तर ती केवळ एका घराण्याच्या संहाराची कथा होईल. पण त्या दिवशी जिजाऊ गरोदर होत्या, आणि सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मास आले. जिजाऊंच्या स्वतःच्या अखेरीचेही तसेच. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि पाचाडास त्यांचे निधन १७ जूनचे. मध्ये अवघे अकरा दिवस. 'सोनी मराठी' वाहिनीवर २०१९ च्या ऑगस्टात सुरू होऊन २०२१ साली संपलेली 'स्वराज्यजननी जिजामाता' ही मालिका आमच्या भागात माहेरच्या मुलीची गोष्ट म्हणून पाहिली गेली. समाधी सह्याद्रीपलीकडे पाचाडास. आमच्याकडे आहे तो जन्माचा उंबरठा, आणि दर १२ जानेवारीस तेथे लोटणाऱ्या गर्दीस जिजाऊंच्या शेवटाची आठवण करून द्यावी लागत नाही.

आता संभाजीराजांच्या मालिकेकडे पुन्हा वळू. हाल दाखवावेत की नाही, याविषयी आमचे उत्तर असे की, ते घडले हे ठामपणे सांगावे, पण त्यांत कॅमेरा रेंगाळू देऊ नये. यातनांचे तपशीलवार दर्शन ही श्रद्धांजली नव्हे. परंतु अधिक गंभीर हानी १६८९ च्या मार्चात कथा थांबविण्याने होते. औरंगजेबाचा डाव हाच होता की, या मरणाशी मराठ्यांची गोष्ट संपावी. ती संपली नाही. राजाराम जिंजीस गेले, संताजी-धनाजींनी बादशाही छावण्यांची झोप उडविली, ताराबाईंनी राज्य हाती घेतले, आणि १७०७ साली बादशहाच नगराजवळ दक्षिणेच्या मातीत मेला. अठरा वर्षांचा हा उत्तरखंड ज्याने पाहिला नाही त्याच्या मनात संभाजीराजे कायमचे साखळदंडातच राहतात. जिजामातेच्या मालिकेनंतर २०२१ सालीच त्याच निर्मात्यांनी त्याच वाहिनीवर 'स्वराज्यसौदामिनी ताराराणी' आणली, तेव्हा हे ऋण काही अंशी फेडले गेले.

काही अंशी म्हणतो, कारण येसूबाई उरतातच. पतीच्या मृत्यूनंतर रायगडास वेढा पडला असता त्यांनी राजारामास गडाबाहेर काढले आणि स्वतः लहानग्या शाहूसह मागे राहिल्या. १६८९ च्या नोव्हेंबरात गड पडला. त्या कैद झाल्या. प्रथम बादशहाच्या फिरत्या छावणीत आणि पुढे दिल्लीस त्यांनी जवळजवळ तीस वर्षे काढली. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा त्या सुटून साताऱ्यास आल्या. ज्या मुलाबरोबर त्या कैदेत गेल्या होत्या तो तेथे छत्रपती होता.