मानेवरच्या ठोक्यांचं मूळ

मान वर्षानुवर्षं दुखत असेल तर हल्ली काही फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या जोडीला शॉकवेव्ह सुचवतात. मानेकडून खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवर जेल लावतात, यंत्राचं टोक टेकवतात आणि ठोके सुरू होतात. हे ठोके आले विमानांच्या कारखान्यातून.

ध्वनीहून वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की त्याचा पृष्ठभाग का खराब होतो, हे जर्मनीतली डॉर्नियर कंपनी तपासत होती. त्यासाठी प्रयोगशाळेत अतिवेगाने गोळ्या झाडल्या जात. १९६६ मध्ये गोळी आदळायला आणि एका अभियंत्याचा हात लक्ष्याला लागायला एकच गाठ पडली. विजेचा झटका बसल्यासारखं त्याला वाटलं. मोजून पाहिलं तर वीज नव्हतीच. आघाताची लाट, म्हणजेच शॉकवेव्ह, त्याच्या शरीरात शिरली होती.

मग जर्मन संरक्षण खात्याच्या पैशातून प्राण्यांवर चाचण्या झाल्या. स्नायू आणि चरबीतून लाट फारशी इजा न करता जाते, पण फुप्फुसाला ती घातक ठरते, कारण ऊती संपून हवा लागते तिथेच तिचा जोर फुटतो. या कुळकथेतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर येतं. म्हणून मानेच्या मुळाशी ठोके देणाऱ्याला खोली आणि दिशा सांभाळावीच लागते.

७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिस्तियान शॉसी यांच्या चमूने पाण्याच्या टबात ठेवलेल्या रुग्णाचा मूतखडा याच लाटांनी फोडला. टबाचं काम आज जेल करतं: मधली हवा घालवणं. नव्वदच्या दशकात ही लाट न जुळणारी हाडं, खांदा आणि टाच यांच्याकडे वळली. मग हवेच्या दाबाने नळीतली छोटी गोळी आपटणारी रेडियल यंत्रं आली. मानेसाठी बहुधा तीच वापरतात. त्यांचा दाब कमी असतो आणि चढतोही सावकाश, त्यामुळे काटेकोर अर्थाने त्यांची लाट शॉकवेव्ह नव्हेच.

मानेवरचे अभ्यास छोटे आहेत. गाठीचं दुखणं काही काळ कमी होतं, असं त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण तेवढ्याने मानेला बळ येत नाही. ते मानेच्या खोल स्नायूंच्या आणि खांद्याच्या पात्याच्या व्यायामाने येतं. नुसते ठोके विकणाऱ्या दवाखान्यांचा म्हणूनच मला राग येतो. दुखणं उतरलेल्या त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायला हवा. गर्भारपण, कर्करोग किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ते आधी सांगावं. हाताला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी झाला असेल तर आधी डॉक्टर गाठावा.