समुपदेशक निवडताना : रायगड किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी प्रस्तावना

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढे पंचनामे झाले, झाडं मोजली गेली, भरपाई आली. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली वाडी गेली, वय साठीला टेकलेलं, मुलं पनवेल-मुंबईला. अशा बागायतदाराची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तर ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? त्याने कोणाकडे जावं, आणि ज्याच्याकडे जाईल तो माणूस आपल्याला योग्य आहे हे त्याने कसं ओळखावं? समुपदेशक निवडण्याच्या अभ्यासाचा गाभ्याचा प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न मानसशास्त्राने फार पूर्वीच हाती घेतला. उपचारपद्धती वेगवेगळ्या असूनही त्यांचे परिणाम बरेचसे सारखे दिसतात, तेव्हा सगळ्यांत काही समान घटक काम करत असावेत, असं सॉल रोझेन्झ्वाइग यांनी 1936 मध्ये मांडलं. 1957 मध्ये कार्ल रॉजर्स यांनी समजून घेणं, अट न घालता स्वीकारणं आणि उपचारकाचा खरेपणा यांवर भर दिला. मला मात्र सर्वांत उपयोगी वाटते ती एडवर्ड बोर्डिन यांची 1979 ची मांडणी. उपचारातली युती तीन गोष्टींवर उभी असते, असं ते म्हणतात : कुठे पोहोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि दोघांमधला विश्वासाचा धागा.

हे आपल्याकडे आणून बघा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, हातात काम नसतं, आणि काही घरांत याच काळात दारू वाढते. कोळीवाड्यातली एखादी बाई 'या दोन महिन्यांत घरात मारझोड होऊ नये' एवढंच मागायला आली आणि समोरची समुपदेशक तिच्या बालपणातच रमली, तर दोघींचं ध्येयच जुळलेलं नाही. समुपदेशकाचं शिक्षण उत्तम असेल, स्वभाव गोड असेल. तरी ती बाई तिसऱ्यांदा येणार नाही, आणि 'समुपदेशनाचा काही उपयोग नसतो' हे मत मात्र आळीभर पसरेल.

या युतीवर झालेल्या 295 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात 30 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. युती आणि गुण येणं यांचा संबंध मध्यम, पण सातत्याने दिसणारा निघाला. त्याआधी 1991 मध्ये होर्वाथ आणि सायमंड्स या संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली होती. युती कशी आहे याबद्दल उपचारकाच्या मतापेक्षा उपचार घेणाऱ्याचं मत पुढच्या परिणामाशी अधिक जुळतं. म्हणजे जुळतंय की नाही, हे ठरवण्याची सर्वांत चांगली जागा तुमच्याकडेच आहे. डिग्री नसलेल्या, कमी बोलणाऱ्या, डॉक्टरसमोर मान खाली घालून बसणाऱ्या माणसालाही हे लागू आहे, आणि त्याला ते आवर्जून सांगितलं पाहिजे.

इथे एक अडचण येते. आपल्याकडचा माणूस सल्ला मागायला येतो. भगताकडे, देवळातल्या गुरवाकडे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे तो असाच जात आला आहे. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये गुरु-शिष्य नातं हाच भारतीय उपचाराचा नमुना होऊ शकेल का, असा विचार मांडला. त्यातला अर्धा भाग मला पटतो. मार्गदर्शनाची अपेक्षा हा कमकुवतपणा नव्हे, आणि 'निर्णय तुमचा तुम्हीच घ्या' एवढंच म्हणून गप्प बसणारा समुपदेशक इथे बहुधा परका वाटतो. पण गुरूला प्रश्न विचारायचा नसतो, समुपदेशकाला मात्र विचारायचाच असतो. तेवढ्यापुरता हा नमुना सोडून द्यायला हवा.

थेट बोलणाऱ्या पद्धतीही आहेत. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेला विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून मराठीत रुजवला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तो घराघरांत नेला. या पद्धतीत उपचारक वाद घालतो, घरी करायला काम देतो. काहींना हेच हवं असतं. पण घरातलं कोणी नुकतंच वारलं असेल, तर अशाच माणसाला आधी नुसतं ऐकणारं कोणी हवं असतं. तुमची आजची गरज कोणती, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

पाटी वाचतानाही सावध राहा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक या नावाखाली मात्र एम.ए. झालेल्यापासून चार दिवसांचं शिबिर केलेल्यापर्यंत कोणीही बसलेलं असू शकतं. म्हणून शिक्षण, अनुभव आणि नोंदणी विचारणं हा उद्धटपणा नाही. खात्रीने बरं करण्याची हमी देणारा, डॉक्टरला न विचारता गोळ्या बंद करायला सांगणारा, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी रंगवून सांगणारा, अंगाला हात लावणारा भेटला, तर तिथून उठा. स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

शहरासाठी लिहिलेल्या पुस्तकांत 'तीन-चार जणांना भेटून निवडा' असं असतं. दिघी किंवा बोर्लीच्या माणसाला तेवढे पर्याय जवळ नसतात. शिवाय तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकावर बसलं, की संध्याकाळपर्यंत गावात कळतं. काही जण मांडव्याहून बोट धरून मुंबईला जातात ते याच भीतीने. गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, पण ओळखीच्या गावात तो कसा पाळणार, हे स्पष्ट विचारून घ्या. माझी नोंद कोण बघतं? आपण बाजारात भेटलो तर तुम्ही ओळख दाखवणार का? माझी आगरी-कोळी बोली तुम्हाला कळते का? पर्याय कमी असतील तिथे हे प्रश्न अधिकच गरजेचे, कारण समोर आहे त्याच माणसाबरोबर जुळवून घ्यावं लागतं, आणि चांगला समुपदेशक अशा प्रश्नांनी दुखावत नाही, बदलतो. तीन-चार भेटींनंतरही जुळत नसेल, तर तसं त्यालाच सांगा आणि दुसऱ्याचं नाव मागा.

ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही उपलब्ध आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर निवडीच्या खटाटोपात न पडता आधी तिथे फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. बाकी सर्वांना एवढीच विनंती, की पहिल्या भेटीला जाताना आपले प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि ते सगळे विचारल्याशिवाय उठू नका.